बिंदूच्या आधीचे रान

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी आगगाडी करमाळा तालुक्यातील केम या स्थानकावरून जाते. केम म्हटले की कुंकू, हे समीकरण आपल्या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. उन्हात पसरलेला तो लाल रंग पाहिला की मला हटकून चित्रकार सय्यद हैदर रझा आठवतात. रझांचे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ते बहुधा 'बिंदू'चे चित्रकार म्हणून माहीत असतात. आणि हा बिंदू आपल्या परंपरेतला नव्हे, असे म्हणून आपल्यापैकी काही जण तेथेच पान उलटतात. मला ती घाई वाटते. बिंदूपाशी पोहोचण्यापूर्वी या माणसाने जवळजवळ तीन तपे निसर्गचित्रे काढली, आणि आरंभीची पुष्कळशी जलरंगात काढली. त्या निसर्गचित्रांच्या वाटेवर आपलीही काही ठिकाणे लागतात.

रझांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. वडील वनखात्यात नोकरीला, त्यामुळे बालपण नर्मदेकाठच्या रानात गेले. शाळेतील गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून या चंचल मुलाला त्याच्याकडे पाहत बसायला लावले, ही आठवण ते पुढे नेहमी सांगत. नागपूरच्या कलाशाळेत शिकून १९४३ मध्ये ते मुंबईस आले. शिष्यवृत्तीची संधी हुकली होती. म्हणून एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली आणि तिच्या जोडीने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षण चालू ठेवले.

या काळातली त्यांची मुंबईची जलरंगचित्रे मला फार मोलाची वाटतात. पावसात भिजलेले रस्ते, छत्र्या, घरांच्या रांगा. जलरंगाचा स्वभाव कडक असतो. त्यात पांढरा रंग म्हणजे न रंगवलेला कागदच. तो एकदा झाकला गेला की गेला. ओल्या कागदावर रंग कुठवर पसरू द्यायचा आणि कुठे थांबवायचा, याचा निर्णय क्षणात करावा लागतो. तैलरंगात चूक खरवडता येते, येथे ती सोय नाही. रझांनी हा निर्णय सहज आणि थोडा बेधडकपणेही केला आहे. व्हिएन्नाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर आणि समीक्षक रूडी फॉन लायडन यांनी हे गुण हेरले, प्रोत्साहन दिले. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्यात आरा, हुसेन, गाडे, बाकरे आणि रझा यांच्याबरोबर गोव्याच्या कॅथलिक घरातला, बंडखोर फ्रान्सिस न्यूटन सूझाही होता. सूझा चर्चशी भांडत चित्रे काढी; रझांची वाट निराळी होती.

त्याच सुमारास फाळणी झाली. रझांची भावंडे आणि पहिली पत्नी पाकिस्तानात गेली. आईचे निधन १९४७ मध्ये, वडिलांचे १९४८ मध्ये झाले. रझा मात्र गेले नाहीत. लहानपणी मंडल्यात पाहिलेल्या गांधीजींशी ती प्रतारणा ठरली असती, असे ते म्हणत. १९४८ मध्ये ते काश्मीरला गेले आणि तेथे त्यांनी उद्ध्वस्त बारामुल्ल्याचे चित्र काढले. हे नाव वाचताना आपण क्षणभर थांबले पाहिजे. आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९४७ मध्ये, टोळीवाल्यांच्या हल्ल्यात तेथील सेंट जोसेफ मिशन इस्पितळात मदर तेरेझालिना या तरुण स्पॅनिश धर्मभगिनीला प्राण गमवावे लागले होते. तिच्याबरोबर रुग्ण आणि इतर माणसेही मारली गेली. एक मुसलमान तरुण, ज्याचे स्वतःचे घर फाळणीने विस्कटले होते, तो हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती अशा सर्वांचे रक्त सांडलेल्या गावापुढे रंगपेटी उघडून बसला. मुंबईच्या चित्रांतील पावसाळी गंमत येथे उरलेली नाही.

काश्मीरमध्येच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली. हात चांगला आहे, पण चित्रात बांधणी नाही, सेझान अभ्यासा, असे त्यांनी सुनावले. रझांनी हे मनावर घेतले, फ्रेंच भाषा शिकली आणि शिष्यवृत्ती मिळवून १९५० मध्ये पॅरिस गाठले. यानंतरचा बदल थक्क करणारा आहे. वाहता रंग गोठला. १९५१च्या सुमाराच्या अपारदर्शक जलरंगातील चित्रांत घरे कातरलेल्या पुठ्ठ्यासारखी कडांनी नेमकी आहेत, रस्त्यांवर माणूस नाही. सारे इतके नीट रचलेले, की मला ती चित्रे किंचित थंड वाटतात. पण बांधणीचा धडा गिरवताना ऊब थोडी बाजूला ठेवावी लागत असावी. पुढे तैलरंगाचे जाड थर आले आणि ऊब परतली. फ्रान्सच्या खेड्यांतील चर्चे या काळात त्यांच्या चित्रांत पुनःपुन्हा येतात. १९५६ मधील एका चित्रात ब्रिटनी प्रांतातील चर्च आणि त्यापुढचा दगडी क्रूस आहे; १९५८ चे 'व्हिलेज विथ चर्च' प्रसिद्धच आहे. मनोरा ओळखू येतो, पण भोवतालची घरे लाल, काळ्या, निळ्या रंगाच्या भडक्यात विरघळतात. १९५६ मध्येच त्यांना 'प्री द ला क्रितिक' हा मान मिळाला. तो मिळवणारे ते पहिले अ-फ्रेंच चित्रकार.

१९६२ मध्ये ते अमेरिकेत बर्कली येथे शिकवीत असताना रॉथकोच्या चित्रांनी त्यांना हलवून सोडले. घरे, मनोरे हळूहळू गळाले. उरले ते मंडल्याचे रान, रात्र आणि उष्मा. सत्तरीच्या दशकाअखेर त्या काळोखाच्या मध्यभागी बिंदू स्थिर झाला. त्याला काही जण केवळ तांत्रिक चिन्ह समजतात. मला मात्र त्यात गुरुजींनी भिंतीवर काढलेला ठिपका आणि नर्मदेकाठची काळी रात्र दोन्ही दिसतात. उत्तरायुष्यात त्यांनी हीच आकृती फार वेळा काढली, आणि तिच्यातली धग कमी होत गेली, हेही नमूद केले पाहिजे.

फ्रेंच पत्नी जानिन २००२ मध्ये वारल्या. २०१० च्या अखेरीस रझा कायमचे भारतात परतले आणि २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह मंडल्याला नेऊन वडिलांच्या कबरीशेजारी ठेवण्यात आला.