फिंगलची गुहा आणि तिथवरचा समुद्र

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर हेब्रिडीज हा द्वीपसमूह पसरलेला आहे. त्यातल्या मल या मोठ्या बेटाच्या पश्चिमेला साधारण दहा किलोमीटरवर स्टाफा हे जेमतेम ३३ हेक्टरांचे बेट आहे. माथ्यावर गवत आणि दक्षिण बाजूला थेट पाण्यातून वर आलेली काळ्या खांबांची भिंत, एवढाच त्याचा विस्तार. याच भिंतीत समुद्राने पोखरलेली गुहा फिंगलची गुहा म्हणून जगभर ओळखली जाते. नॉर्स दर्यावर्दींनी या बेटाला ‘खांबांचे बेट’ अशा अर्थाचे नाव दिले आणि त्यावरून ‘स्टाफा’ हा शब्द आला. आसपासच्या गेलिक भाषकांच्या तोंडी मात्र गुहेचे नाव ‘सुरेल गुहा’ अशा अर्थाचे होते. लाट आत शिरून मागच्या भिंतीवर आदळली की कमानीखाली तिचा घोष घुमतो. गेलिक नाव त्या घोषावरून पडलेले आहे.

सुमारे साडेपाच ते सहा कोटी वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक महासागर उघडत असताना या भागात मोठे ज्वालामुखी उद्रेक झाले. राखेच्या थरावर लाव्हा पसरला आणि खालून सावकाश निवत गेला. निवताना खडक आकसतो, आकसताना त्याला तडे जातात. थंड होण्याची गती सगळीकडे सारखी असेल तर हे तडे एकमेकांशी जवळजवळ १२० अंशांचा कोन करतात आणि खाली उतरत जातात किंवा वर चढत जातात. त्यातून बहुतेक षट्कोनी, काही पंचकोनी वा सप्तकोनी खांब तयार होतात. लाव्हाचा वरचा भाग लवकर निवला, म्हणून तिथे सुबक खांब नाहीत, नुसता वेडावाकडा फुटलेला खडक आहे. त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला खाली राखेचे जोते, मध्ये खांब आणि वर छत अशी एखाद्या देवळाची रचना दिसते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा खडक परका नाही. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच जातीच्या बेसाल्टच्या उभ्या खांबांची आहे. फक्त ती दख्खनच्या लाव्हातून, स्टाफाच्याही आधी घडली.

१७७२ साली या बेटाची कीर्ती बाहेर पसरली, तीही योगायोगाने. कॅप्टन कुकबरोबर जगप्रदक्षिणा करून आलेले निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी कुकच्या दुसऱ्या सफरीतून अंग काढून घेतले होते. त्याऐवजी स्वतः भाड्याने घेतलेल्या जहाजातून ते आइसलंडकडे निघाले. मलच्या सामुद्रधुनीत जहाज नांगरून पडले असताना एका स्थानिक गृहस्थाच्या घरी त्यांच्या कानावर या खांबांची गोष्ट आली. १२ ऑगस्टला दुपारी ते होडीने निघाले. वारा अजिबात नव्हता, त्यामुळे सगळा रस्ता वल्ह्यांवर काढावा लागला आणि पोचायला रात्रीचे नऊ वाजत आले. अंधारात काहीच दिसेना. बेटावर एकच घर होते, त्याच्याजवळ तंबू ठोकून त्यांनी रात्र काढली आणि सकाळी उजेडात खांब पाहिले. मोठमोठी देवळे आणि राजवाडे यापुढे खेळणी वाटावीत, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. त्यांचे वर्णन थॉमस पेनंट यांच्या १७७४ च्या प्रवासग्रंथात छापले गेले आणि युरोपभर वाचले गेले. याच पेनंटना काही आठवडे आधी स्टाफाजवळून जाताना बेटावर पाऊल टाकता आले नव्हते.

बँक्स यांच्या या भेटीला ‘शोध’ म्हणण्याची रीत पडली आहे, ती बरोबर नाही. बेटावर घर होते, गुरे चरत होती, आणि बँक्सच्या लोकांना गुहेपर्यंत नेणारा वाटाड्याही तिथलाच होता. त्याच वाटाड्याला गुहेचे नाव विचारले तेव्हा ती फिनची, म्हणजे फिंगलची गुहा असल्याचे उत्तर मिळाले, अशी नोंद आहे. गेलिकमध्ये ‘सुरेल’ आणि ‘फिनची’ या शब्दांचे उच्चार जवळ येतात, त्यामुळे ऐकण्यात गफलत झाली असावी, असे मत अनेकांनी मांडले आहे. ऐकणाऱ्यांची मनेही फिंगल ऐकायला तयारच होती. त्याआधी सुमारे दहा वर्षे जेम्स मॅकफर्सन यांनी ओसियन या प्राचीन कवीच्या नावावर फिंगल या वीराचे महाकाव्य प्रसिद्ध केले होते आणि ते खरे की रचलेले यावर वाद पेटला होता. गेलिक नाव मागे पडले, ते पुन्हा फारसे पुढे आलेच नाही.

पुढच्याच वर्षी, १७७३ च्या ऑक्टोबरात, लेखक सॅम्युएल जॉन्सन आणि जेम्स बॉसवेल हे याच पाण्यातून गेले. समुद्र खवळलेला होता, त्यामुळे त्यांना स्टाफा नुसते दुरून पाहावे लागले. १७८४ मध्ये आलेले फ्रेंच भूगर्भतज्ज्ञ फोजा द सें-फों यांना मात्र उतरता आले. त्यांना या खांबांतून एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर हवे होते. बेसाल्ट हा समुद्राच्या पाण्यातून साचलेला खडक की ज्वालामुखीतून आलेला, यावर त्या काळी विद्वानांचे दोन तट होते. फोजा ज्वालामुखीच्या बाजूचे होते, आणि काळाने त्यांचा तट खरा ठरवला.

आगबोटी येईपर्यंत बेटाला भेट देणे म्हणजे मल, उल्वा किंवा आयोना बेटावरच्या नावाड्यांच्या भरवशावर उघड्या होडीत बसणे होते. लेखक वॉल्टर स्कॉट १८१० मध्ये असेच गेले. कवी जॉन कीट्स १८१८ च्या उन्हाळ्यात मल बेट पायी तुडवून होडीने इथे पोचले. पावसात आणि दलदलीत चालल्याने त्यांचा घसा धरला आणि तो पुढे बरेच दिवस त्यांना सतावत राहिला. या नावाड्यांची नावे प्रवासवर्णनांत क्वचितच सापडतात. पण कोणत्या वाऱ्याला कोणत्या बाजूने खडकाला लागायचे हे ठरवणारी माणसे तीच होती आणि स्टाफाच्या प्रसिद्धीचे श्रेय लेखकांइतकेच त्यांनाही द्यायला हवे.

आगबोटीने हे चित्र पालटले. १८१२ मध्ये क्लाइड नदीवर ‘कॉमेट’ ही आगबोट धावू लागली आणि १८२० च्या दशकात हेब्रिडीजमध्येही सहलीच्या बोटी येऊ लागल्या. आगबोट बेटाबाहेर थांबे आणि लहान होड्या प्रवाशांना खडकावर किंवा थेट गुहेच्या तोंडाशी नेत. वीस वर्षांचे संगीतकार फेलिक्स मेंडेल्सन १८२९ च्या ऑगस्टमध्ये याच मार्गाने आले. गुहेत उभे असताना त्यांना ‘हेब्रिडीज’ या रचनेची सुरावट सुचली, ही कथा फार लोकप्रिय आहे, पण खरी नाही. ती सुरावट त्यांनी ७ ऑगस्टच्या पत्रात टिपली आहे आणि स्टाफा त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिले. शिवाय त्या दिवशी बोट लागल्याने ते हैराण झाले होते. म्हणजे ती सुरावट गुहेची नसून या बेटांभोवतीच्या समुद्राची आहे. १८३२ मध्ये ती रचना लंडनमध्ये प्रथम वाजवली गेली.

त्याच वर्षी जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांचे स्टाफाचे चित्र लंडनच्या रॉयल अकादमीत लागले. १८३१ मध्ये ते आगबोटीने तिथे गेले असताना हवा बिघडली होती. चित्रात गुहा धूसर आहे आणि डोळ्यांत भरते ती वादळी उजेडात धूर सोडत जाणारी एकटी आगबोट. स्टाफाचे इतके खरे चित्र दुसरे नाही, कारण बेटाइतकेच तिथे पोचणेही त्यात आहे. १८४५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाने विकत घेतले. अमेरिकेत गेलेले ते टर्नरचे पहिले चित्र मानले जाते.

गर्दीही आलीच. १८३३ मध्ये आलेल्या विल्यम वर्ड्‌सवर्थ यांनी बोटीतून एकदम उतरणाऱ्या घोळक्यात गुहा अनुभवता येत नाही, अशी तक्रार कवितेतून केली. १८४७ च्या ऑगस्टमध्ये राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट आले, तेव्हा शांत समुद्रामुळे त्यांची नाव वल्हवत गुहेच्या आत नेता आली. त्यानंतर स्टाफा ही ओबान बंदरातून होणाऱ्या सहलीतली हमखास जागा बनली. ज्यूल व्हर्न यांनी १८८२ च्या ‘हिरवा किरण’ या कादंबरीतला थरारक प्रसंग याच गुहेत घडवला.

बेटावरची वस्ती मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस संपली होती. शतकानुशतके उल्वाच्या मॅक्वारी घराण्याकडे असलेले बेट १७७७ मध्ये कर्जापायी विकले गेले आणि पुढे अनेकांच्या हातून गेले. १९८६ मध्ये एका अमेरिकन मालकाने पत्नीच्या वाढदिवसानिमित्त ते स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टला दान केले. २००१ मध्ये त्याला राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

गुहेच्या मोजमापांतही तेव्हाच्या आणि आजच्या नोंदींत फरक दिसतो. बँक्सच्या नोंदीत तिची लांबी ३७१ फूट आहे, तर आजच्या मोजणीत ती सुमारे २२७ फूट भरते.

आज फिओनफर्ट, आयोना, टोबरमोरी आणि ओबान इथून मुख्यतः एप्रिल ते ऑक्टोबर या काळात बोटी सुटतात. धक्क्यावर उतरल्यावर तुटलेल्या खांबांच्या माथ्यांवरून, आधार धरत, गुहेपर्यंत जाता येते. उन्हाळ्याच्या पहिल्या भागात माथ्यावर पफिन पक्ष्यांची घरटी असतात. बोट बेटाला लावायची की नाही हे बोटीचा चालक तिथे पोचल्यावर समुद्राची उसळी पाहून ठरवतो. ती जास्त असेल, तर प्रवासी बोटीतूनच गुहा पाहून परततात.