रस्ता नसलेलं गाव: लिमोने सुल गार्दा

आजची गोष्ट आहे उत्तर इटलीतल्या लिमोने सुल गार्दा या छोट्या गावाची. 1931 पर्यंत या गावात चाकांवर बसून जाताच येत नव्हतं!

गार्दा हे इटलीतलं सगळ्यात मोठं सरोवर. त्याच्या पश्चिम काठावर, उभ्या कड्यांच्या पायथ्याशी हे गाव चिकटलंय. पुढे पाणी, मागे डोंगर. त्यामुळे कुठे जायचं तर होडीने, नाहीतर डोंगरातल्या पायवाटेने.

मग लोक जगायचे कशावर? मासे, ऑलिव्ह आणि लिंबं! आल्प्सच्या इतक्या जवळ लिंबं कशी? तर उतारावर पायऱ्यापायऱ्यांचे मळे, त्यांत दगडी खांबांच्या रांगा, आणि थंडी आली की खांबांवर फळ्या आणि काचा लावून झाडं झाकायची. 1786 मध्ये जर्मन कवी ग्योथे होडीतून इथून गेला, तेव्हा त्यानेही हे मळे पाहिले. लिंबं होडीने सरोवरापार आणि पुढे थेट जर्मन मुलखापर्यंत जायची.

हा धंदा बसला एकोणिसाव्या शतकात. झाडांवर रोग पडला. त्यात 1861 मध्ये इटली एक झाली आणि दक्षिणेतली स्वस्त लिंबं रेल्वेने उत्तरेत येऊ लागली. म्हणजे बघा, जी रेल्वे लिमोनेत कधी आलीच नाही, तिनेच लिमोनेचा बाजार खाल्ला.

अखेर 1931 मध्ये कडे फोडून, सत्तरएक बोगदे खणून काठाकाठाने गार्देसाना रस्ता झाला. मग पर्यटक आले आणि गाव हॉटेलांवर जगू लागलं.

पण इतकी वर्षं रस्ता नव्हता, त्याची एक खूण गावकऱ्यांच्या रक्तात राहिली होती. 1970 च्या दशकात मिलानच्या डॉक्टरांनी रेल्वेत काम करणाऱ्या एका माणसाला तपासलं. चांगलं कोलेस्टेरॉल खूप कमी, ट्रायग्लिसराइड्स जास्त. तरी रक्तवाहिन्या मात्र ठणठणीत! त्याच्या रक्तात एक वेगळंच प्रथिन सापडलं. तो मूळचा लिमोनेचा. मग अख्ख्या गावाचं रक्त तपासलं, तर तेच प्रथिन आणखी काही जणांत निघालं. चर्चमधल्या जन्म-लग्नांच्या नोंदी चाळल्यावर सगळ्यांचं मूळ अठराव्या शतकातल्या एकाच जोडप्यापाशी पोचलं. लग्नं बहुतेक गावातल्या गावात व्हायची, म्हणून हा गुण गावातच टिकला.

गंमत म्हणजे प्रथिनाला नाव मिळालं ‘मिलानो’. शोध शहरात लागला ना!

आजही लिमोनेला रेल्वे स्टेशन नाही. देसेन्झानो किंवा रोवेरेतोला उतरायचं, पुढे बस किंवा बोट. 2018 पासून कड्याला लटकवलेला सायकल ट्रॅकही आहे. जमलं तर बोटीनेच जा. शतकानुशतकं गाव जसं दिसायचं तसं, पाण्यावरून समोर येताना दिसेल.

भेटू पुढच्या भागात!