निवेदक आणि लेखक

निवेदक : कथा-कादंबरीतील हकीकत ज्याच्या तोंडून वाचकाला कळते तो. तो कधी कथेतले पात्र असतो, कधी कथेबाहेरचा सर्वज्ञ आवाज. दोन्ही प्रकारांत तो लेखकाने घडवलेला असतो. म्हणून त्याची मते परस्पर लेखकाच्या खाती टाकता येत नाहीत. हे अभ्यासकांना ठाऊक असते, तरी कादंबरीवर लिहायला बसले की ‘लेखक म्हणतो’ हे शब्द सहज उमटतात. सर्वज्ञ निवेदनात ते एकवेळ खपून जाते. प्रथमपुरुषी निवेदनात मात्र त्याने कादंबरीचा अर्थच बदलतो.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली, तेव्हा हरिभाऊ सव्वीस वर्षांचे होते आणि ‘मी’ म्हणून बोलत होती यमुना. बालपण, सासर, वैधव्य, सक्तीचे केशवपन हे सारे ती स्वतः सांगते. इथे लेखक आणि निवेदक एक मानण्याची चूक कोणी करणार नाही. पण यमुना तरी एकच कुठे आहे? भोगणारी अजाण यमू आणि मागाहून लिहिणारी, सोसून शहाणी झालेली बाई यांच्यात अंतर आहे. लहान यमूला घरातल्या मोठ्यांचे वागणे कळत नाही. लिहिणारीला ते कळलेले असते, आणि वाचकाला तिच्याहूनही थोडे अधिक दिसते. कादंबरीतली करुणा या अंतरातून येते. तिला केवळ समाजसुधारणेची तक्रार म्हणून वाचले की विषय हाती राहतो आणि कलाकृती निसटते. यमुनेला लिहिता येते याचीही तजवीज हरिभाऊंनी कथेतच केली आहे : नवरा तिला शिकवतो.

आक्षेप असा की, जिथे लेखकाचे आयुष्य उघडपणे कथेत उतरले आहे तिथे हा भेद पुस्तकी ठरतो. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ हे त्याचे सर्वांत बळकट उदाहरण. नेमाड्यांचा जन्म 1938 मध्ये खानदेशातल्या सांगवीचा. कादंबरी 1963 ची. तिचा निवेदक पंचवीस वर्षांचा पांडुरंग सांगवीकर. गाव, वय, पुण्यातले शिक्षण, सगळे जुळते. लेखकाने वाचकाला मुद्दाम फसायला बोलावल्यासारखेच आहे. पण जुळणी जितकी दाट, तितके न जुळणारे धागे महत्त्वाचे ठरतात. पांडुरंग शिक्षणात अपयशी होऊन गावी परततो, नेमाडे एम.ए. झाले आणि पंचविशीतच त्यांची पहिली कादंबरी छापली गेली. पांडुरंग आपल्या आयुष्याला निरर्थक म्हणतो, पण ते सांगणारी कादंबरी मात्र काळजीपूर्वक रचलेली आहे. तिच्यातला डायरीचा भागच पाहावा. वडिलांवरचा त्याचा राग हा त्या वयाचा, त्या मुलाचा राग आहे. तो नेमाड्यांचा म्हणून नोंदवला की चरित्रासाठी एक संशयास्पद पुरावा मिळतो आणि पांडुरंगाची स्वतःकडे पाहण्याची तिरकस नजर हरवते. चरित्राचा उपयोग नाही असे नाही. ते फरक मोजायला उपयोगी पडते, अर्थ ठरवायला अपुरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : मग लेखक कशालाच जबाबदार राहत नाही; निवेदकाच्या आडून त्याने काहीही बोलावे! विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (1939) चक्रधर विध्वंस स्त्रियांविषयी कडवटपणे बोलतो. प्रेमात पोळलेल्या माणसाची ती भाषा आहे आणि तिच्या बळावर बेडेकरांना स्त्रीद्वेष्टे ठरवणे सोपे आहे. पण युरोपातून परतणाऱ्या बोटीवर त्याला भेटलेली ज्यू तरुणी हॅर्टा त्याचे सिद्धान्त वागण्याने खोटे पाडते आणि शेवटाकडे तिची पत्रे येतात. इतका वेळ जिला आपण चक्रधरच्या नजरेतून पाहत होतो, ती तिथे स्वतःच्या शब्दांत बोलते. पत्रे कुठे ठेवायची हे चक्रधर ठरवत नाही, बेडेकर ठरवतात. लेखकाची जबाबदारी या मांडणीत शोधावी लागते : कोणाला बोलू दिले, किती वेळ, आणि त्याला उत्तर द्यायला कोणाला जागा ठेवली. जिथे असे उत्तर कुठेच ठेवलेले नाही, प्रसंगांची रचनाही निवेदकाच्या पूर्वग्रहाला दुजोराच देत जाते, तिथे समीक्षकाने तो पूर्वग्रह लेखकाचा म्हणायला हरकत नाही. मात्र त्यासाठी दाखवावी लागते ती रचना. निवेदकाचे एखादे सुटे वाक्य पुरत नाही.