परमसंगणकाचे कर्ते आणि नागपूर

महजर व शकावल्या चाळणाऱ्या वाचकांस प्रस्तुत विषय अर्वाचीन वाटेल. परंतु साधनें नष्ट झाल्यावर शोध करीत बसण्यापेक्षां तीं हातीं आहेत तोंच नोंद करणें आम्हांस श्रेयस्कर वाटतें.

डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ सालीं अकोला जिल्ह्यांतील मुरांबा या गांवीं झाला. १९६५ सालीं ते नागपुरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवीधर झाले. पुढील अध्ययन बडोदें व दिल्ली येथें झालें. महासंगणक अमेरिका भारतास अटींवांचून देईना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली व तिची धुरा भटकरांकडे आली. मुदत ३ वर्षांची, खर्च सुमारें ३० कोटि रुपये. १९९१ सालीं 'परम ८०००' सिद्ध झाला. एकाच बलाढ्य यंत्रावर भार न टाकतां ६४ लहान गणकांस गणित वांटून द्यावयाचें, ही त्यांतील युक्ति. 'परम' हें नांव संस्कृत खरें; पण समांतर यंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे आद्यावयवहि त्यांत आहेत. श्लेष चांगला साधला आहे.

कानपुरास जन्मलेलें 'जिस्ट' तंत्रहि याच संस्थेंत वाढलें व संगणकावर देवनागरी लिहिणें सुकर झालें. म्हणून आम्हां पोथीसंग्राहकांवर या मंडळींचें ऋण आहे.

भूर्जपत्र शतकें लोटलीं तरी वाचतां येतें. चुंबकी फीत मात्र तिचें यंत्र गेलें कीं मुकी होते. सबब त्या काळचे आराखडे, पत्रें, टिपणें ज्यांचे संग्रहीं असतील त्यांनीं तीं रद्दींत न घालतां जतन करावींत, ही विनंति.