स्थिर चक्र आणि फिरता पाळणा

ज्या वस्तु आपण लहानपणापासून पाहत आलों, त्यांना इतिहास असतो हें आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं. जत्रेंतला पाळणा ही अशांपैकींच एक वस्तु होय. चंद्रपुरास चैत्रांत महाकालीची यात्रा भरते. गडचिरोली जिल्ह्यांत चामोर्शी तालुक्यांत वैनगंगेच्या काठीं मार्कंड्यास महाशिवरात्रीची जत्रा भरते. दोन्हीं ठिकाणीं देवदर्शन झालें कीं मुलांचे पाय आपोआप पाळण्याकडे वळतात. थोरांचेहि वळतात, मात्र ते मुलांचें निमित्त सांगतात. या पाळण्याचे भाऊबंद आज लंडन, सिंगापूर, दुबई अशा नगरांतून आकाशाला भिडले आहेत. त्यांची कुळकथा पाहिली असतां मोठें कोणतें व टिकाऊ कोणतें, याविषयींच्या आपल्या कल्पनांना थोडा धक्का बसतो. म्हणून ती येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पाश्चात्य प्रवाशांनीं या यंत्राचीं जीं जुनीं वर्णनें लिहून ठेविलीं, तीं पूर्वेच्या वाटेवरचीं आहेत. पिएत्रो देल्ला वाल्ले या रोमच्या प्रवाशानें १६१५ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें रमजानच्या उत्सवांत असा पाळणा पाहिला. पीटर मंडी या इंग्रजानें १६२० मध्यें तुर्की अंमलाखालील फिलिपोपोलिस येथें, म्हणजे आजच्या बल्गेरियांतील प्लोव्हदिव्ह शहरीं, तसाच पाळणा पाहून त्याचें चित्र काढिलें. हाच मंडी पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत सुरतेस व आग्र्यास येऊन राहिला. आपल्याकडे 'रहाटपाळणा' हें नांवच पुरेसें बोलकें आहे. विहिरीवरच्या रहाटाचीं गाडगीं काढून त्यांच्या जागीं माणसें बसविलीं कीं पाळणा झाला. संतांनीं जन्ममरणाच्या फेऱ्याला रहाटगाडग्याची उपमा दिली. जत्रेंतल्या लोकांनीं त्याच फेऱ्यांत घटकाभराची मौज शोधिली.

या लांकडी खेळण्याला लोखंडाचें विराट रूप देणारा पुरुष म्हणजे अमेरिकन एंजिनिअर जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनांत आयफेलचा मनोरा उभा राहिला होता. त्याला तोडीस तोड असें कांहीं तरी १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांत हवें, अशी हांक प्रदर्शनाच्या चालकांनीं दिली, आणि फेरिसनें २६४ फूट उंचीचें चाक उभें केलें. त्याला छत्तीस डबे होते आणि प्रत्येकांत साठ माणसें मावत. म्हणजे एका वेळीं २,१६० माणसें अधांतरीं फिरत. आपल्या बैलगाडीच्या चाकांत भार खालच्या आऱ्यावर उभा असतो. फेरिसच्या चाकांत उलट खालची धाव ताणलेल्या सळ्यांनीं आंसाला टांगलेली होती. सायकलच्या चाकाच्या बारीक तारा भार पेलतात त्याचें मर्म हेंच आहे. याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंद बोलले, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

परंतु पुढें काय झालें? प्रदर्शन संपलें, गर्दी ओसरली आणि चाक ओझें होऊन बसलें. फेरिस नफ्याच्या वांटणीवरून कोर्टकज्जांत गुंतला व १८९६ सालीं, अवघ्या सदतिसाव्या वर्षीं, मरण पावला. चाक उखडून शिकागोंतच दुसऱ्या जागीं नेलें, तेथून १९०४ च्या प्रदर्शनाकरितां सेंट लुईसला नेलें आणि १९०६ सालीं सुरुंग लावून पाडलें. लंडनचें चाक १८९५ सालीं अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनांत उभें राहिलें. त्या प्रदर्शनाला नांव मात्र हिंदुस्थानचें होतें! तें १९०७ मध्यें मोडीत निघालें. पॅरिसचें चाक १९०० सालचें. १९२० मध्यें तें उतरविलें, आणि त्याचे डबे महायुद्धांत बेघर झालेल्या कुटुंबांच्या निवाऱ्यास गेले. आमच्या मतें कोणत्याहि चाकाच्या डब्यांना याहून चांगली गति मिळालेली नाहीं. त्या पिढीपैकीं व्हिएन्नाचें १८९७ सालचें चाक तेवढें वांचलें. १९१६ मध्यें तें पाडण्याची परवानगी मिळाली होती, पण पाडण्यास पैसा नव्हता! १९४४ मध्यें तें जळालें. १९४७ मध्यें तिसांऐवजीं पंधराच डबे घेऊन पुन्हां फिरूं लागलें.

ज्यांना आपण कायमचीं म्हणतों त्यांची ही कथा. नव्या युगांतहि तिचाच अनुवाद दिसतो. लंडनचें १३५ मीटर उंचीचें चाक २००० सालीं लोकांसाठीं खुलें झालें तें पांच वर्षांपुरत्याच परवान्यावर. तें मात्र लोकप्रियतेमुळें राहिलें. २०२१ मध्यें दुबईनें सुमारें २५० मीटर उंचीचें, जगांतील सर्वांत उंच चाक उभारलें. तें कांहीं महिन्यांतच थांबलें आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हां सुरू झालें. मोठ्या चाकाला रोज मोठी गर्दी लागते. ती आटली कीं लोखंडाचा डोंगर जागच्या जागीं उपाशी राहतो.

या अडचणीचा खरा तोडगा विल्यम सुलिव्हन या पूल बांधणाऱ्या कारागिरानें काढिला. त्यानें १९०० सालीं अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत सुटें करून गाडींत घालतां येईल असें लहान चाक तयार केलें. तत्त्व साधें होतें: गर्दी चाकाकडे येत नसेल, तर चाकानें गर्दीकडे जावें. शंभर वर्षांनीं, २००० सालीं, पॅरिसच्या काँकर्द चौकांत साठ मीटर उंचीचें असेंच एक सुटें चाक उभें राहिलें. त्याला कायमचा पाया नव्हता, चाळीस हजार लिटर पाण्याच्या भारानें तें तोललेलें असे. पुढें त्यानें इंग्लंडांतील शहरांची व बँकॉकचीहि वारी केली.

आपल्या जत्रांतल्या पाळणेवाल्यांना हें तत्त्व कोणीं शिकवावें लागलें नाहीं. झाडीपट्टीचें वर्षच त्यांना तें शिकवितें. धान घरांत आलें कीं दिवाळीच्या पाठोपाठ गांवोगांव मंडई भरते. नंतर रात्ररात्र चालणारीं नाटकें, ज्यांच्या मंडळ्यांचें ठाणें वडसा; मग २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें पुन्हां मोकळे झालेले शंकरपट; मग मार्कंड्याची शिवरात्र; आणि शेवटीं, मराठवाड्यापासून तेलंगणापर्यंतचे भाविक जिला येतात ती महाकालीची यात्रा. पाळणा या पंचांगामागें चालतो. १९८२ सालीं चंद्रपुरांतून निघालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत रेल्वेचा रूळ फार काळ वडशापुढें सरकला नाहीं. पण पाळण्याला रूळ लागत नाहीं, बैलगाडीची वाट किंवा ट्रकाची सडक पुरते. ज्या मुलानें जंगलाचें टोक कधीं वरून पाहिलें नाहीं, त्याला तो क्षणभर सागाच्या शेंड्यांवर नेऊन दाखवितो. दुबईचें चाक हें करूं शकणार नाहीं.

तथापि स्तुतीबरोबर एक कटु गोष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. लहान पाळणा आजहि कित्येक ठिकाणीं माणसांच्या बळावर फिरतो. पोरगेले मजूर आऱ्यांवर चढून वर गेलेल्या दांड्याला लोंबकळतात आणि आपल्या भारानें चाक खालीं ओढतात. पाय चुकला तर खालीं कांहीं नसतें. मोठ्या पाळण्यांना एंजिन आलें, पण धोका सरला नाहीं. स्थिर चाक नुसतें झिजतें. फिरतें चाक झिजतें, शिवाय दर मुक्कामाला खोललें व जोडलें जातें. एखादी खीळ हरवली तर तिच्या जागीं तारेचा वेढा देण्याचा मोह होतो. नदीकांठची वाळू भार पडतांच बसते. पाळणे एकाच बाजूला भरले तर तोल जातो. आणि चैत्रांत दुपार कलल्यावर वादळी वारा उठला, तर चाक भरलेलें असतांना त्याला थांबविणें सोपें नसतें.

यावर उपाय पाळणे बंद करणें हा नव्हे. तसें केलें तर गरिबाच्या वर्षांतली एक उंच जागा तेवढी हिरावली जाईल. मैदानाचें भाडें घेऊन जागा देणारी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका यांनीं भाडें घेण्यापूर्वीं एंजिनिअरकडून चाक जोडलेल्या स्थितींत तपासून घ्यावें, प्रथम तें वाळूचीं पोतीं भरून फिरवून पाहावें, आऱ्यांवर चढणाऱ्या मजुराला कमरपट्टा द्यावा, आणि वारा सुटतांच चाक रिकामें करण्याचा अधिकार एका नेमलेल्या माणसाच्या हातीं ठेवावा. यांतील एकहि गोष्ट खर्चाची नाहीं. तिकिटाचे पैसे मुलाच्या मुठींत देणाऱ्या आईबापांनींहि पाळण्यांत बसण्यापूर्वीं ही चौकशी करण्यास संकोचूं नये. चार घरच्यांनीं विचारूं लागलें, म्हणजे पाळणेवालाहि खीळ शोधूं लागतो.