घरच्या प्रसाधनाचा इतिहास : करंड्यात काय आणि हुकूम कोणाचा



कामगार संघटनेत उभे आयुष्य घातलेल्या माणसाने काजळ-कुंकवावर व्याख्यान द्यावे, याचे काहींना नवल वाटेल. पगारवाढ, बोनस, कामाचे तास हे आमचे नित्याचे विषय. परंतु कोणतीही वस्तू कोणाच्या तरी श्रमाने तयार होते, आणि जेथे श्रम आहेत तेथे इतिहास आहे, एवढे आम्ही पुस्तकांच्या आधी कामगारांकडूनच शिकलो. कुंकवाची चिमूटही या नियमाला अपवाद नाही. आजकाल चेहऱ्याला लावायचे लेप, फाउंडेशन, काजळ घरच्या घरी करण्याची हौस पुन्हा वाढली आहे. 'नैसर्गिक आहे, घरचे आहे' म्हटले की पुढे कोणी काही विचारीत नाही. आमचे म्हणणे असे की दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. करंड्यात काय आहे, हा पहिला. ते लावावे किंवा लावू नये हा हुकूम कोणाचा, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना महाडचा उल्लेख टाळता येत नाही.

महाडजवळ गांधारपाले येथे डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तेथे राहणाऱ्या भिक्षूंना माळा, गंध, उटणी यांपासून दूर राहण्याचा नियम होता. म्हणजे आपल्या परिसरातील ही प्राचीन दगडी घरे शृंगार सोडलेल्या माणसांची! उलट अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हाती आरसा घेऊन रूप न्याहाळणारी राजकन्या रंगविली आहे आणि तिच्या भोवती दासी उभ्या आहेत. एकीने नटावे आणि इतरांनी त्यासाठी राबावे, ही रीत किती जुनी आहे हे ते चित्र सांगते. गरिबाघरी मात्र नटणारी आणि राबणारी एकच असे.

त्या राबण्याकडे आता वळू. आमच्या आज्यांच्या फणेरपेटीत आरसा, फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा असे. कपाळावर आधी मेणाचे बोट लावायचे आणि त्यावर कोरडे कुंकू टेकवायचे. ते कुंकू हळदीचे. हळद घाटावरून यायची. हळकुंडाचे तुकडे लिंबाच्या रसात टाकणखार व तुरटी घालून मुरवायचे, लाल झाले की सावलीत वाळवायचे आणि मग कुटून वस्त्रगाळ करायचे. बोलायला हे एका वाक्याचे काम. करायला कित्येक दिवसांचे.

यात रसायनशास्त्र आहे, आणि ते अक्षर न गिरविलेल्या बायांच्या हातात होते. हळदीला चुना लावला की ती लाल होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे; पण त्यावर आंबट पडले की ती पुन्हा पिवळी होते. चुन्याचा लाल रंग असा उसना असतो. टाकणखारात बोरॉन आहे. लिंबाच्या आंबट रसात हळदीतील कर्क्युमिन आणि हे बोरॉन यांचा संयोग होतो आणि वेगळाच, टिकणारा लाल रंग मिळतो. प्रयोगशाळेत याच गुणाचा उपयोग बोरॉन ओळखण्यासाठी करतात. पंढरपुरासारख्या ठिकाणी कुंकू हा मोठा धंदा झाला. पण जोवर ते घरात होत होते, तोवर त्या कुटण्याचाळण्याला कोणी 'काम' म्हटले नाही. मजुरी नाही, हजेरी नाही, सुटी तर नाहीच.

काजळाचेही तसेच. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची किंवा काशाची वाटी अधांतरी पालथी घालायची, रात्रभर जमलेली काजळी सकाळी खरवडून तुपात किंवा लोण्यात खलायची. दिवाळीच्या उटण्यात आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, चंदन, मसुरीचे पीठ. केसांना शिकेकाई आणि रिठा. तो रानमेवा आदिवासी बाया गोळा करून आणीत आणि बाजारात पसाकुडत्याने विकीत. शेंगांचे भारे डोक्यावरून उतरविणाऱ्या त्या बाईची या सौंदर्यात केवढी मजुरी गुंतली आहे, हे केस वाळविताना कोणाच्या मनात येत नसे.

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे पाहू. चेहऱ्याला सपाट, उजळ थर देणारा लेप म्हणजे आजचे फाउंडेशन. आपल्याकडे असा लेप प्रथम रंगभूमीने घरगुती केला. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. त्याच्या कितीतरी आधीपासून तमाशाचे फड, कोकणातले नमन आणि दशावतार होतेच. विजेचे दिवे नव्हते. मशालीच्या उजेडात दूरवरून चेहरा दिसावा म्हणून रंग दाट लावावा लागे. नट तो स्वतःच तयार करी. मुर्दाडशिंगाचा खडा सहाणेवर पाण्यात उगाळून तोंडाला लावायचा. पांढऱ्यासाठी सफेदा, पिवळ्यासाठी हरताळ, लालीसाठी हिंगूळ, भुवयांना काजळ. ना परदेशी डबी, ना कारखाना. सगळे मातीतले, खडकातले, 'नैसर्गिक'.

परंतु मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचे भस्म. जुना सफेदाही शिशाचाच. जस्ताचा पुढे आला. हरताळात आर्सेनिक म्हणजे सोमलाचा अंश असतो, हिंगुळात पारा. आमच्या चळवळीतला हरताळ मालकाचे नुकसान करतो. हा हरताळ मात्र लावणाऱ्याच्याच जिवावर उठणारा! देवाच्या दगडाला फासतात तो शेंदूरही शिशाचा. गवयाला वैऱ्याने शेंदूर खाऊ घालून त्याचा आवाज घालविला, अशा गोष्टी जुनी मंडळी सांगत. गोष्ट खरी असो वा खोटी, शेंदूर पोटात जाऊ नये हे लोकांना ठाऊक होते. म्हणून शेंदूर देवाला आणि हळदीचे कुंकू कपाळाला, ही मराठी घरातली वाटणी शहाणपणाची होती. ही वाटणी मोडली ती बाजाराने, स्वस्त लाल रंगाच्या पुड्या 'कुंकू' म्हणून विकून.

आपणच अडाणी होतो असे मात्र कोणी समजू नये. विलायतेत सरदार घराण्यांतील स्त्रिया गोरे दिसण्यासाठी शिशाचा सफेदा शतकानुशतके चेहऱ्यावर थापीत. लेडी कॉव्हेंट्री ही तेथील नामांकित सुंदरी १७६० मध्ये ऐन तारुण्यात वारली. तिच्या मृत्यूचे खापर या सफेद्यावरच फोडले जाते. दोहोंत फरक एवढाच की लेडीसाहेबांनी तो हौसेने लावला आणि आमच्या फडातल्या नटाने तो पोटासाठी लावला. रोज रात्री शिसे तोंडाला फासून पहाटे ते खोबरेलाने पुसून काढणारा नट हा आमच्या दृष्टीने धोक्याच्या खात्यातला कामगारच होय. फक्त त्याच्यासाठी कारखान्याचा कायदा नव्हता.

करंड्यात काय, याचा हा इतिहास. आता हुकूम कोणाचा, ते पाहू.

कुंकू ही घरची, हौसेची वस्तू असे आपण म्हणतो; पण ते लावण्याची मोकळीक सर्व स्त्रियांना कधीच नव्हती. नवरा गेला की कुंकू पुसले जाई, बांगड्या फोडल्या जात आणि काही जातींत केशवपनही होई. ज्या बाईने आयुष्यभर हळद कुटून घरादाराला कुंकू पुरविले, तिच्याच कपाळाला तिच्याच हातचे कुंकू वर्ज्य! या हुकुमाविरुद्ध श्रमिकांनी उठविलेला आवाज आमच्या मंडळींनी तरी विसरू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या. १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्याच खटपटीने. त्याच वर्षी, त्यांच्याच पुढाकाराने, मुंबईत नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा त्यांनी निर्धार केला. आपल्या हातचे हत्यार अन्यायासाठी चालविणार नाही, असे म्हणणारा हा संप पगारासाठी नव्हता, माणुसकीसाठी होता. त्याची आठवण आम्हांला फार मोलाची वाटते.

दुसरा हुकूम जातीचा होता. अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांनी लुगडे कसे नेसावे, कोणत्या धातूचे दागिने घालावेत, हे गाव ठरवी. लुगडे आखूड, अंगावर कथलाचे किंवा जाडजूड चांदीचे दागिने. दुरून पाहताच जात कळावी अशी ती व्यवस्था. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच महाडात चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या वर्षीच्या डिसेंबरात दुसरी परिषद भरली आणि २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. ते सर्वांना पाठ आहे. पण त्याच परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी बोलले, ते भाषण मात्र आपण कमी वाचतो. जातीची खूण ठरलेले नेसण सोडा, ओळख पटविणारे ते दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असा त्याचा मथितार्थ होता. ऐकणाऱ्या स्त्रियांनी लागलीच नेसण बदलले.

नेसण आणि दागिने या वरवर क्षुल्लक गोष्टी. तळ्याच्या लढ्यात त्यांचे काय काम, असे त्या काळी कोणी म्हटलेही असेल. परंतु ज्याच्या अंगावरची खूण दुसरा ठरवितो, तो मनुष्य पाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच ओळखला जातो आणि अडविला जातो. पाण्याचा हक्क मुंबई हायकोर्टाने १९३७ मध्ये मान्य केला. त्याला दहा वर्षे लागली. अंगावरची खूण मात्र त्या बायांनी कोर्टाची वाट न पाहता स्वतः उतरविली. प्रसाधनाच्या इतिहासात महाडचे स्थान हे आहे. सौंदर्याच्या पुस्तकांत ते सापडणार नाही, म्हणून येथे सांगितले.

आणि ही गोष्ट जुनी झाली असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवा प्रथा आमच्या गावात बंद. त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. लोखंड्यांच्या सभेनंतर एकशे बत्तीस वर्षांनी ठराव करावा लागतो, यावरून हुकूम किती चिवट असतो ते कळते.

तिसरा हुकूम बाजाराचा. महाड-पोलादपूरचा गडी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरणीत राबला आणि शिमग्याला गावी येताना ट्रंकेत स्नो-पावडर घेऊन आला. मुंबईत पाटणवाला यांचा अफगाण स्नो १९१९ च्या सुमारास निघाला. १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे काढली. घरातले काम कारखान्यात गेले आणि बाईचे कुटणे-चाळणे सुटले, ही इष्टच गोष्ट झाली. परंतु डबीबरोबर एक नवा हुकूमही घरात शिरला, तो म्हणजे गोरेपणाचा. उन्हात लावणी करणाऱ्या बाईला तिचा रंग हा दोष आहे असे प्रथम पटवायचे आणि मग त्यावर औषध विकायचे, हा तो व्यापार. गोरेपणाच्या काही क्रीममध्ये पारा निघतो. २०२३ मध्ये केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीमपायी मूत्रपिंडाचे विकार जडलेले रुग्ण आढळले.

याला कायद्याचा लगाम आहे. १९४० चा औषध कायदा १९६२ मध्ये दुरुस्त झाला आणि सौंदर्यप्रसाधने त्याच्या कक्षेत आली. आजच्या नियमांप्रमाणे प्रसाधनाच्या रंगात शिसे दहा लाख भागांत २० भागांहून आणि आर्सेनिक २ भागांहून अधिक असता कामा नये. घटकांची यादी वेष्टनावर छापावी लागते. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यांत काम करणारा गडी पिंपावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय झाकण उघडीत नाही. निदान उघडू नये, असे आम्ही त्याला बजावतो. तीच सवय त्याने घरच्या डबीलाही लावावी.

मग घरी काही करूच नये काय? अवश्य करावे. तवकिरीचे पीठ, प्रसाधनासाठीच्या दर्जाचा जस्ताचा सफेदा, रंगापुरता कोको आणि चार थेंब तेल, एवढ्यात स्वतःच्या कातडीशी जुळणारा साधा लेप होतो. मात्र पूड खलताना नाकातोंडाला फडके बांधावे. पाणी घातलेला लेप नासतो, तो दोन दिवसांपलीकडे ठेवू नये. चेहऱ्याला लिंबू किंवा खायचा सोडा चोळू नये. मूर्ती रंगविण्याचा गेरू, शेंदूर, अनोळखी खडे तोंडाला लावू नयेत. आणि आधी मनगटावर लावून दिवसभर पाहावे. आज्यांचे शहाणपण घ्यावे, फडातल्या नटाचे दुर्दैव घेऊ नये.

सारांश, 'घरचे' आणि 'बाजारचे' हा भेद आम्हांला फार महत्त्वाचा वाटत नाही. घरचे मुर्दाडशिंग विषारी होते आणि कारखान्याची तपासलेली डबी निर्धोक असू शकते. खरा भेद जाणून घेतलेले आणि लादलेले यांत आहे. डबीत काय आहे हे ज्या समाजातील बाईला वाचता येते, आणि ते लावायचे की नाही हे नवरा, जात आणि जाहिरात या तिघांनाही न विचारता जिला ठरविता येते, तो समाज थोडाफार पुढे गेला असे म्हणावे. तळ्याच्या काठी १९२७ मध्ये ज्या बायांनी नेसण बदलले, त्यांनी ती वाट दाखविली आहे. ती पुढे नेणे हे तुमचे-आमचे काम आहे.