सागाचा आवाज

हातोडी हलकी धरा. फासळीवर एकदा ठोका आणि कान लावा. खणखणीत आवाज आला तर खडूनं गोल काढायचा, बोदा आला तर फुली.

साल १९९०. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलमध्ये तुम्ही एका जहाजाच्या पोटात, अगदी तळाशी वाकून उभे आहात. हातात बॅटरी, नाकात शेवाळाचा आणि जुन्या डांबराचा वास. कागदोपत्री जहाजाचं नाव 'फूद्रोयां'. तीन वर्षांपूर्वी त्याला तराफ्यावर चढवून इथं आणलं. दुरुस्ती पुढंच आहे. आधी नुसतं तपासायचं, मोजायचं, प्रत्येक लाकडाला नंबर द्यायचा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण घाई इथंच घात करते. एकदा काढून फेकलेली फासळी परत येत नाही.

ठोका. गोल. ठोका. फुली. पुन्हा ठोका, आणि या खेपेला उत्तर लांबून येतं. वाकस चालल्याचा आवाज. एक, मग दहा, मग शंभर.

घामानं सदरा पाठीला चिकटलाय. तुम्ही मुंबईच्या गोदीत आहात, १८१७ च्या पावसाळ्यात. याच फासळ्या आता ताज्या, पिवळसर तपकिरी. हात लावला की तेलकट लागतात. मलबारचा साग. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडचा ओक संपत आला, म्हणून आरमाराला जहाजासाठी मुंबई गाठावी लागली. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागातलं तेल त्यांना सांभाळतं. हे इथल्या सुताराला कुणी शिकवावं लागत नाही.

कामाची सूत्रं जमशेटजी बोमनजी वाडियांकडे. जहाजाचे पहिले नकाशे मुंबईला पोचलेच नाहीत. ते आणणारं 'जावा' हे जहाज १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकनांनी पकडलं, आणि नकाशे पुन्हा मागवावे लागले. आता सगळं जुळलंय. पारशी रीतीप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकलेला आहे. सुतारांची नावं मात्र तुम्हाला इथं ऐकू येतात तेवढीच; वहीत उतरवून घ्यायला वेळ मिळत नाही, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त हळहळ वाटते.

१२ ऑक्टोबरला हे जहाज 'ट्रिंकोमाली' या नावानं पाण्यात उतरतं. त्यानंतर चोविसाव्या दिवशी खडकीला पेशव्यांच्या तोफा धडाडतील. गोदीत आज कुणालाच ते ठाऊक नाही.

मग वर्षं भराभर निसटतात. एप्रिल १८१९, पोर्ट्समथ. युद्ध संपलेलं, म्हणून १८४५ पर्यंत जहाज नुसतं राखीव. मग दहा वर्षं समुद्र, मग नौसैनिकांच्या कवायती. १८९७ च्या मे महिन्यात ते भंगारात विकलं जातं. इथं तुम्ही थांबता, श्वास रोखून. त्याच साली व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाचं 'फूद्रोयां' ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटतं. तो हे भंगारातलं जहाज घेतो आणि गेलेल्या जहाजाचं नाव याला देतो. पुढं १९८६ पर्यंत शिकाऊ पोरं याच्या पोटात झोपतात.

पुन्हा थंडी. पुन्हा बॅटरीचा गोल उजेड. ही दुरुस्ती २००१ पर्यंत चालेल. शेवटी निम्म्याहून जास्त लाकूड मूळचंच राहील, आणि जुनं नावही परत येईल. माझं मत विचाराल तर जीर्णोद्धारातलं खरं कसब नवं बसवण्यापेक्षा काय काढायचं नाही हे ओळखण्यात आहे.

पुढच्या फासळीवर हात फिरवा. वरून काळी, चिकट. फुली काढायला खडू उचललाय तुम्ही. आधी ठोका.

खणखणीत.

तुम्ही गोल काढता आणि पुढच्या फासळीकडे सरकता.